माणक्याले कोण धरते!

माणिकरावांना हुतुतूत आजवर कोणी धरू शकलं नाही. पिंपळगाव राजात कोणत्याही पारावर विचारा, साठीपुढचा माणूस हेच सांगेल आणि सांगताना मिशीतल्या मिशीत हसेल. नवखा माणूस माणिकरावांकडे बघून बुचकळ्यात पडतो. अंगानं तुराटी, चालताना डाव्या खांद्याला कललेले, डोळ्यावर दोरीनं बांधलेला चष्मा. हा न धरला गेलेला गडी?

त्याची गंमत अशी.

माणिक सहावीत होता. पोरगा चपळ. गुरुजींना जिंकायची हौस फार, म्हणून त्यांनी जातपात न बघता त्याला संघात घेतलं. आता घेतलं खरं, पण खेळ हुतुतू. दुसऱ्याला शिवायचं, दुसऱ्यानं धरायचं, चार जणांनी मिळून अंगावर पडायचं. आणि माणिकचं घर गावाच्या खालच्या अंगाला. तो दम भरून पलीकडं शिरला की समोरची पोरं चिमण्यांसारखी उडायची. ज्याला त्याचं बोट लागलं तो बाद. वर घरी गेल्यावर आई त्याच्या डोक्यावर पाणी ओतणार ते वेगळंच. थंडीच्या दिवसांत तर पोरं माणिक जवळ यायच्या आधीच रेषेबाहेर उड्या मारायची. बादच व्हायचंय तर निदान कोरडं तरी व्हावं!

असा माणिक जिंकत राहिला.

एकदा मात्र सापडला होता. पलीकडच्या अंगणात पाय घसरला, पालथा पडला, दम ओठावर घोळतोय पण उठता येईना. जवळ उभा होता भगवंता, माळ्याचा, त्याच्याच वर्गातला. हाताशी आलेली शिकार. भगवंतानं वाकून हात लांब केला. माणिकच्या घोट्यापासून वीतभरावर तो हात थांबला आणि मागं गेला. माणिक उठला, कपडे झटकले आणि फिरायला निघाल्यासारखा चालत चालत रेषेपलीकडं आला. टाळ्या पडल्या. भगवंताच ओरडला, "माणक्याले कोण धरते बे!" पोरं पोट धरधरून हसली. माणिकही हसला. घरी जाऊन भाकर मात्र खाल्ली नाही. मायनं विचारलं, तर म्हणे, "जिकलो ना आज."

पुढं तालुक्याच्या सामन्यात दुसऱ्या गावचे मास्तर अडून बसले: हा पोरगा बसवा, नाही तर आमची पोरं खेळत नाहीत. गुरुजींनी माणिकला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि फक्कीची बादली पुढं सरकवली. "माणिक, तुझा हात सरळ हाये. रेषा तू आख."

त्या बादलीनं त्याचं नशीब आखलं म्हणा. मोठेपणी हायस्कूलमध्ये शिपाई लागला तो चौतीस वर्षं पांढऱ्या फक्कीच्या रेषाच ओढत राहिला. खो-खोचं मैदान, कबड्डीचं मैदान, पंधरा ऑगस्टच्या कवायतीचे ठिपके. माणिकरावांची रेष दोरीशिवाय सरळ यायची. रेष आखायला कोणाची हरकत नव्हती. ती तर सगळ्यांच्या पायाखालीच जायची.

नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हा शाळेत हर्षल सर आले. जळगाव जामोदचा पोरगा, खेळाचा शिक्षक, कंत्राटावर. दुसऱ्याच दिवशी हातात कागद घेऊन म्हणाले, "काका, चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. मध्ये एक रेष. दोन्ही अर्ध्यांत एकेक खांब."

"हे कशाचं मैदान, सर?"

"कॉर्फबॉलचं."

माणिकरावांनी चौतीस वर्षांत हे नाव ऐकलं नव्हतं. सर समजावत गेले, हे रेष ओढत गेले. चार पोरं आणि चार पोरी मिळून एक संघ. नुसत्या पोरांचा नाही, नुसत्या पोरींचा नाही. चार नि चार, तेव्हाच आठ. दोन पोरं दोन पोरी इकडच्या अर्ध्यात, तेवढेच तिकडच्या. खांबावर दोन पुरुष उंचीवर टोपली. बॉल हातात आला की पळायचं नाही, आपटायचा नाही, द्यायचा. पोरगा पोरालाच अडवणार, पोरगी पोरीलाच. आणि अडवायचं म्हणजे समोर हात वर करून उभं राहायचं. तेवढ्यानंच समोरच्याला टोपलीत टाकायची बंदी.

"अन धरलं तं?"

"फाउल."

"ढकललं तं?"

"फाउल."

"अन अडवता अडवता नुसता हात लागला तं?"

"तोही फाउलच, काका. या खेळात कोणी कोणाला हात लावायचाच नाही."

माणिकराव बादलीवर हात टेकून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. हर्षल सर घाबरले. "काय झालं, काका?"

"काई नाई, सर. हा खेळ मी पन्नास वरसं आंधीच खेळून बसलो."

सरांना काही उमगलं नाही. बिचारे आठ महिन्यांत दुसरी नोकरी लागून निघून गेले. जाताना खांब, बॉल आणि नियमांचा कागद माणिकरावांच्या ओसरीवर ठेवून गेले. कागद माणिकरावांनी इतका वाचला की घडीवर फाटला. ज्या गोष्टीपायी आपण बाहेर बसलो, तीच इथं नियम होऊन सगळ्यांना सारखी लागू, ही गंमत त्यांच्या मनातून जाईना. घंटा-फक्की सुटल्यावर माणसं देवाला लागतात, हे कॉर्फबॉलला लागले.

खांब होता, पण टोपली कुठं होती? ती भगवंतरावांकडं. हो, तोच भगवंता. आता चार एकरांत वांगी, मिरची, कांदा. आणि माणिकरावांशी रोजची रामराम, बसस्टँडवर एकत्र चहा. माणिकरावांनी बाजाराचं बांबूचं टोपलं मागितलं आणि तिथंच विळ्यानं त्याचं बूड कापलं. भगवंतरावांच्या कारभारीण पुष्पाबाई आतून धावत आल्या.

"अवो माणिकभाऊ! येड लागलं का? चांगल्या टोपल्याचं बूड कापलं!"

"वयनी, बूड ठेवलं तं बॉल आतच राह्यते."

"मंग टाकताच कायले?"

"खाली पडाले."

पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. "धा वरसं झाली भाजी इकून, वरतून टाकून खालतून सांडाचा धंदा पह्यल्यांदा पाह्यला."

ओसरीच्या खांबाआड त्यांची नात समीक्षा हसत होती. अकरावीतली पोरगी, उंच, हात लांब. तिनं कोपऱ्यातला कांदा उचलला, माणिकरावांनी धरलेल्या त्या बिनबुडाच्या टोपल्यात दहा पावलांवरून टाकला. कांदा पुष्पाबाईंच्या पायाशी पडला.

"आबा, असाच ना?" तिनं माणिकरावांना विचारलं.

माणिकराव बघतच राहिले. मग टोपलं बाजूला ठेवून तिथंच भुईवर बसले आणि वांगी-मिरच्या मांडायला लागले. वांगं म्हणजे पोरगा, मिरची म्हणजे पोरगी. चार वांगी, चार मिरच्या. समोर तेवढ्याच. बॉलच्या जागी लसणाची कुडी.

"आता पाहा वयनी. ही मिरची टाकाले गेली. तिले कोण अडवन?"

"वांगं," पुष्पाबाई म्हणाल्या.

"नाई! मिरचीले मिरचीच अडवन. वांग्यानं आडवा हात केला का शिट्टी."

"अन मिरची घेऊन पळाली तं?"

"पळताच येत नाई. हातात आली लसणाची कुडी का जाग्यावर थांबाचं. दुसऱ्याले देल्लीच पाह्यजे. एकट्यानं काईच होत नाई या खेळात."

"मंग हा खेळ आमच्या घरच्याइले शिकवा," पुष्पाबाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या.

भगवंतराव खाटेवर अडकित्ता चालवत ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं. "माणिक, कोणी कोणाले हात लावत नाई म्हणतोस ना?"

"नियमच हाये."

"पक्का?"

"पक्का."

"मंग खेळू दे पोरीले."

माणिकराव घरी आले ते उड्या मारतच. त्यांच्या कारभारीण अन्नपूर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या भाकर थापता थापता म्हणाल्या, "हात लागत नाई म्हणून हाव म्हणाले ना? खेळ चांगला म्हणून नाई."

"तू ना, दुधात मीठ टाकाले बसलेलीच असतं."

"टाकत नाई. सांगून राह्यली, हाये मीठ त्यात."

नाही म्हटलं तरी ते वाक्य माणिकरावांच्या बुटात खड्यासारखं गेलं. त्यांनी पाय झटकला आणि विसरले.

संघ जमला. पोरींत समीक्षा, महामाया, पायल, मयुरी. पोरांत माणिकरावांचा नातू धम्मदीप आणि आणखी तिघे. राखीव म्हणून एक पोरगा आणि भगवंतरावांच्या भाऊकीतली एक पोरगी. दहा नावं लीगच्या कागदावर चढली. लीग म्हणजे आठ गावांची, हौशी लोकांनी मिळून काढलेली. मे महिन्यात दर रविवारी सकाळी खामगावला सामने. तिचे दोन नियम माणिकरावांना पाठ होते. पहिला, कागदावरच्या दहांतूनच चार पोरं चार पोरी मैदानात उभ्या पाहिजेत, एक कमी असला तरी सामना समोरच्याचा. दुसरा, दोनदा असं झालं की संघाचं नाव कटलं, आणि त्या गावाची जागा पुढच्या साली दुसऱ्या गावाला.

पहिले दोन रविवार कसे गेले म्हणता! समीक्षा खांबापासून आठ पावलांवरून दोन्ही हातांनी टाकायची, अंग न हलवता, जणू उतरंडीवर मडकं ठेवतेय. धम्मदीपला बॉल मिळाला की त्याचं एकच ओरडणं: "समी, मांगं!" की बॉल तिच्या हातात. मैदानाबाहेर ही दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत. तो पोरगा लाजरा. ती गाडीत खिडकीशी बसून मयुरीसोबत शेंगदाणे खायची. दोन्ही सामने जिंकले. परतताना माणिकराव ड्रायव्हरशेजारी बसून सगळ्या वाटेनं बोलत आले. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "काका, दम तं खा."

"दम खाल्ला का बाद होते माणूस," माणिकराव म्हणाले.

आता माणसाला आनंद झाला की तो काहीतरी करून बसतो. माणिकरावांनी फ्लेक्स लावायचं ठरवलं. गावानं बघायला यावं, पोरांना नावाजावं. बसस्टँडच्या कोपऱ्यावर गोपालचं फ्लेक्सचं दुकान. लग्नसराईचे दिवस, गोपाल नवरदेव-नवऱ्या चिकटवून चिकटवून आंधळा व्हायच्या बेतात होता.

"काका, वरती कोणत्या साहेबाचा फोटो?"

"कोणाचाच नाई. आठ पोट्ट्यांचे लाव."

"आडनावं सांगा."

"आडनावं नको."

गोपालनं मान वर केली. माणिकरावांनी समजावलं, "आडनाव लिव्हलं का माणूस आंधी ते वाचते, मंग तोंड पाह्यते. नुसतं नाव टाक. अन पोरं एकीकडं पोरी एकीकडं असं नको. खेळात जसे मिसळून उभे राह्यतात तसे. एक पोरगा, एक पोरगी. उंचीनं लाव, म्हणजे दिसाले बरं दिसते."

चौतीस वर्षं प्रार्थनेच्या रांगा उंचीनं लावलेला माणूस. त्याला दुसरं काय सुचणार? सगळ्यांत उंच पोरगा धम्मदीप, सगळ्यांत उंच पोरगी समीक्षा.

गोपालला वेळ नव्हता. त्यानं तयार असलेलं डिझाईन उघडलं. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर तोरण, मध्ये सोनेरी चौकटी चार, दर चौकटीत दोन चेहरे, भोवती गुलाब. वरचं 'शुभविवाह' पुसून तिथं 'कॉर्फबॉल' लिहिलं. खाली 'आपले आशीर्वाद हीच आमची शोभा' होतं ते राहू दिलं, चांगलं वाटलं म्हणून. मोबाईलवर माणिकरावांना दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा करून आठही नावं तपासली, 'महामाया'चे तिन्ही काने बघितले. फुलं त्यांना फार आवडली. आमच्या पोरांच्या फोटोभोवती कोणी कधी फूल लावलं होतं!

गुरुवारी सकाळी फ्लेक्स लागला. दुपारपर्यंत सारं गाव उभं राहून बघून गेलं. कॉर्फबॉल म्हणजे काय, हे गावात पन्नास माणसांना माहीत होतं; मांडव मात्र सगळ्यांना ओळखू येतो. शेवटच्या चौकटीत धम्मदीप आणि समीक्षा. आडनावं नव्हतीच. ती लोकांनी आपल्या तोंडानं भरली.

संध्याकाळी कोणीतरी त्या चौकटीचा फोटो काढला, त्याला बँडचा आवाज जोडला आणि सोडून दिला. मोबाईल काय, त्याला एसटी लागत नाही. दिवेलागणीला पुष्पाबाईंचे भाऊ भाऊराव यांचा जळगाव जामोदहून फोन आला. सगळ्या ओसरीला ऐकू गेला.

"काय वो बाई, नातीचं लगन जमवलं, सख्ख्या भावाले पत्रिका नाई?"

"कोणाचं लगन? भाऊ, काय बोलून राह्यला?"

"इथं सारे मले इचारतात, मांडव खालच्या मोहल्ल्यात हाये का वरच्या?"

पुष्पाबाईंच्या हातातून फोन भगवंतरावांनी घेतला आणि बंद केला.

माणिकरावांना कळलं तेव्हा ते सायकल टाकून बसस्टँडवर गेले आणि बांबूनं फ्लेक्स खाली ओढला. गोपाल दुकानातून धावत आला. "काका, माही चूक झाली. दुसरा करून देतो, फुकट. पोरं इकडं, पोरी तिकडं."

"तसा करशीन तं आजवर काय येगळं होतं बे?" माणिकराव म्हणाले आणि फ्लेक्सची घडी घालून काखेत मारली.

शुक्रवारी सरावाला समीक्षा आली नाही. भाऊकीतली राखीव पोरगी तर गुरुवारीच बंद झाली होती. शनिवारी माणिकराव भगवंतरावांच्या शेतावर गेले. भगवंतराव भेटले नाहीत, गडी म्हणाला, मालक बाजारात. पण वाटेवरून दिसलं ते असं: समीक्षा वांग्यांच्या ओळीत उभी होती. एक पाय रोवलेला, दुसरा त्याच्याभोवती फिरवत, दहा पावलांवरच्या टोपल्यात एकेक वांगं टाकत होती. एकही बाहेर नाही. शेताच्या मेरेवर बसलेल्या पुष्पाबाई म्हणाल्या, "पोरी, माल मार खाते. हातानं ठेव." तिनं ठेवायला सुरुवात केली.

रविवारी सात जण घेऊन माणिकराव खामगावला गेले. समोर रोहिणखेडचा संघ. पंचांनी मोजलं, पुन्हा मोजलं. रोहिणखेडची कप्तान पोरगी भली. म्हणाली, "आमची एक घ्या, काका. आमच्याजवळ राखीव हाये." पंच म्हणाले, नाव कागदावर नाही. मग माणिकरावांनी विचारलं, नुसतंच, बिनगुणांचं खेळलो तर? पंच म्हणाले, मागं दुसरा सामना आहे, मैदान मोकळं करा. जाताना माणिकरावांची नजर तिथल्या रेषेवर गेली. वाकडी होती. आणखी एक रविवार असाच गेला की नाव कटणार होतं.

तो आठवडा खालच्या अंगाच्या भीमनगरात कोणाला नीट झोप आली नाही. हॉटेलवर धम्मदीपला दोघं जण रोज विचारायचे, "काय नवरदेव, हळद कधी?" तो मान खाली घालून जायचा. एकदा नुसतं विचारलं नाही, सायकलची हवा सोडून दिली आणि म्हणाले, "वरात पायीच असते." अन्नपूर्णाबाईंनी त्याचे बूट धान्याच्या कोठीत लपवून ठेवले.

"दोन दिवस खेळला नाई तं मरत नाई पोट्टं," त्या म्हणाल्या. "खेळलं तं काय सांगता येते?"

"केलं काय त्यानं?"

"तुमी काय केल्लं होतं?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सहावीत?"

माणिकरावांनी बूट मात्र शनिवारी कोठीतून काढले, ज्वारीचे दाणे झटकले आणि नातवाच्या उशाशी ठेवले.

रविवारी सकाळी सहाला गाडी वडाखाली उभी राहिली. सात जण आत बसले. माणिकराव म्हणाले, "दहा मिनिटं थांबा, आठवी घेऊन येतो," आणि भगवंतरावांच्या घराकडं निघाले. वाटेत बोलायचं सगळं जुळवलं होतं.

भगवंतराव अंगणात कांदे निवडत बसले होते. उठून उभे राहिले. "ये माणिक."

माणिकरावांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. थांबायचंच नाही असं ठरवून आले होते. "भगवंता, पोरगी दे आजच्या दिवस, फक्त आजच्या. मी गाडीत तिच्या बाजूले बसतो, पुष्पावयनीले संगं घे, धम्मदीपले मी खेळवत नाई, राखीव पोरगा बोलावून उतरवतो, तो दुसऱ्या अर्ध्यात सुदा नसन, घरीच ठेवतो त्याले, फ्लेक्स माही चूक, मी पारावर उभा राहून सांगतो माही चूक, पोट्ट्याइची नाई, पोरीचं नाव कागदावर हाये, ते कटलं तं साऱ्याइचं कटते, गावाची जागा जाते, पुढच्या साली पोरी कोण पाठवन, तू मले वळखतोस, पन्नास वरसं वळखतोस, कोणी कोणाले हात लावत नाई या खेळात, तूच इचारलं होतं, मी सांगतलं होतं..."

बोलता बोलता त्यांना दारातून आत दिसलं. समीक्षा मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. पायांत बूट, नाड्या बांधलेल्या. माणिकराव तिच्याकडं, दाराकडं दोन पावलं निघाले, बोलतच. "...पोरगी तं तयार हाये भगवंता, पाह्य..."

भगवंतरावांनी त्यांना धरलं.

मनगट धरलं. चांगलं पाच बोटांनी, कांदे उपटून घट्टे पडलेल्या हातानं. कॉर्फबॉलसारखा नुसता हात वर केला असता तरी माणिकराव थांबले असते. माणिकरावांनी खाली बघितलं. काळी माती भरलेली नखं, त्यांत आपलं पांढरे केस असलेलं मनगट. पन्नास वर्षांपूर्वी एक हात घोट्यापासून वीतभरावर थांबला होता; ती वीत आज भरली.

"तुही चूक नाई, माणिक," भगवंतराव हळू आवाजात म्हणाले. "पोरीचीबी नाई. पण सोयरे माह्या दारात उभे राह्यतीन, तुह्या नाई. पोरीले पाह्यले येणारे येत नाईत आता. जाय तू."

माणिकरावांना हात ओढून घेता आला नाही. भगवंतरावांचा जोर फार होता असं नाही. धरल्यावर सुटायचं कसं, हेच त्यांना कधी शिकायला मिळालं नव्हतं. तोंड उघडं होतं, आणखी सांगायचं बरंच होतं, पण शब्द तिथंच तुटला.

वडाखालून गाडीचा हॉर्न वाजला. परत वाजला.

आत समीक्षानं वाकून एका बुटाची नाडी सोडली. मग दुसऱ्या.

भगवंतरावांनी मनगट सोडलं आणि घराच्या मागच्या बाजूला गेले. न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला. हाताला कांद्याची माती होती, तेवढ्यासाठीच असेल.

माणिकराव वडाखाली आले. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. सातही जणांनी त्यांच्या मागं बघितलं, मागं कोणी नव्हतं. धम्मदीप दार उघडून खाली उतरला. "आबा, काय झालं? काय म्हणले ते?"

माणिकरावांनी मनगट चोळलं. त्यावर मातीची पाच बोटं उमटली होती, ती पुसली नाहीत.

"काई नाई," ते म्हणाले. "धरल्या गेलो. गाडी फिरव म्हणा त्याले."